पालक लक्ष देत नाहीत म्हणे

शिक्षकांच्या गप्पांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं? "पालकच लक्ष देत नाहीत हो." मला त्याचा आता कंटाळा आलाय. एकदा ते उच्चारलं की सगळे माना डोलावतात, चहा संपतो आणि तास सुरू होतो.

मी बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) आधीच खर्चून झालेली असते, गाड्या भरतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, पार मार्च-एप्रिलपर्यंत, दाराला एक तर कुलूप नाही तर उंबऱ्यात म्हातारी. अशा गावात 'पालक' कोणाला म्हणायचं? हजेरीपटावर बापाचं नाव, पोर्टलवर बापाचा मोबाईल नंबर. पोराला सकाळी उठवून, डोकं विंचरून शाळेत ढकलणारी आजी मात्र आमच्या कुठल्याच रकान्यात नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. तरतूद उत्तम आहे. पण बैठक ठेवायची कामाच्या दिवशी सकाळी अकराला, आणि दिवसाची मजुरी बुडवून कोणी आलं नाही की रजिस्टर घरोघर सह्यांना फिरवायचं, हा प्रकार किती ठिकाणी चालतो ते शिक्षकमित्रांना मी काय सांगू! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये तर पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय. वेळ उरला तर करायचं काम नाही ते.

आता प्रशिक्षणाबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. मी प्रशिक्षणांना नाकं मुरडणाऱ्यांतली नाही. वाचन कसं शिकवावं, पहिलीतल्या मुलाकडून संख्येची जाण कशी करून घ्यावी, हे मला प्रशिक्षणांतून खरोखर मिळालंय. 'निष्ठा ३.०' या शिक्षकांच्या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणात पालक आणि समाजाच्या सहभागावरही एक कोर्स होता. दीक्षा या सरकारी ॲपवर तो बऱ्याच जणांनी व्हिडिओ पुढे ढकलत संपवला आणि प्रमाणपत्र उतरवून घेतलं. आपसांत काय लपवायचं? पण पालकांशी बोलणं व्हिडिओ बघून येईल असं मानणारे आणि तो व्हिडिओ पळवणारे, दोघांचंही म्हणणं शेवटी एकच निघतं: यात शिकण्यासारखं काही नाही.

आहे, पुष्कळ आहे. माझ्या वर्गावर पाठ निरीक्षणाला केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, येतात, फलकलेखन बघतात, शैक्षणिक साहित्य बघतात. पालकभेटीचं निरीक्षण करायला आजवर कोणी आलेलं नाही. मी ते काम शिकले ते आमच्या शाळेतल्या एका जुन्या बाईंच्या मागे फिरून. बाई कोणाच्या घरी रजिस्टर घेऊन जात नसत. आधी शेळीची चौकशी, मग गुडघ्याची. आजी "काय केलं का पोरानं?" म्हणून घाबरून विचारायची, कारण शाळेतून माणूस येतो तो तक्रार घेऊनच, हा गावाचा अनुभव. बाई म्हणायच्या, "काही नाही केलं. घरी काय काय करतो ते सांगा."

आणि मग आजी सांगायची. एका पोराचं असं कळलं, की रोज पहाटे दूध घालायला तोच जातो. संकलन केंद्रावरची पावती तोच वाचतो, फॅट किती लागला, मागच्यापेक्षा कमी का आला, हे आजीला समजावून सांगतो. हे पोरगं वर्गात दशांश अपूर्णांकाच्या तासाला तोंड उघडत नव्हतं! आम्ही दुसऱ्या दिवशी पावत्या मागवल्या आणि तिथूनच दशांश सुरू केले. फळ्यावर ३.८ आणि ४.१ लिहिलं तर मोठी संख्या कोणती यावर वर्गाचं दुमत झालं नाही.

ऊसतोड आई-बापांना शाळेकडून काय हवंय हे तर त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. पोराला हिशोब आला पाहिजे. काट्यावरची वजनाची पावती वाचता आली पाहिजे, उचलीतून किती फिटलं आणि किती राहिलं हे मुकादमाच्या वहीत बोट ठेवून विचारता आलं पाहिजे. याहून नेमकं अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी, लिहिणाऱ्यांनाही सुचलं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा सातवीला शेकडेवारीचं उदाहरण शोधायला पुस्तक उघडावं लागलं नाही. ती गणितं पोरांनी फोनवर बापाला सांगितली. बाप दिवसभर फडात, रात्री कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर फोन घेणार. म्हणून मीही लिहून पाठवत नाही, आवाज रेकॉर्ड करून पाठवते. वाचता न येणाऱ्या आईलाही तो ऐकता येतो, हवा तेव्हा परत ऐकता येतो.

मुलींबद्दलचं बोलणं मात्र इतकं सरळ होत नाही. सहावी-सातवीतली मुलगी मागे ठेवायला आई तयार नसते. "तुमीच सांगा बाई, कुणाच्या भरवशावर ठिवू?" या प्रश्नाला बालविवाहाचा कायदा हे उत्तर नाही. कायदा तिला माहीत आहे. तोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, लग्न होऊन जोडी झाली की उचल मिळते, हेही तिला माहीत आहे. तिथे बोलायचं असतं ते झोपायच्या जागेबद्दल, रात्री दाराला कडी कोण लावणार याबद्दल. आजी धड असेल तर तोडीच्या महिन्यांपुरतं गावातलं हंगामी वसतिगृह, नाही तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय या मुलींच्या निवासी शाळेचा अर्ज, आणि तिथे आधी आईला स्वतः नेऊन खोली दाखवणं. तरी काही जणी जातातच. निदान शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतराच्या जागी शाळेत दाखवायचं कार्ड, तरी हातात पडावं आणि तिकडच्या शाळेत ते कोणी बघावं, इतकंच मग उरतं.

आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे मी सुचवलंय की एक तास एखाद्या ऊसतोड बाईला बोलू द्या, आपण खाली बसून ऐकू. विषयपत्रिकेत बसत नाही म्हणाले. परत मांडणार आहे. तोवर आमची पालकसभा यंदा घटस्थापनेच्या आधी, गाड्या भरायच्या अगोदर, संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर. निरोप आज्यांना वेगळा दिलाय.