गोळ्या सोडल्यावर येणारा ताप म्हणजे ‘बाहेर पडणारं विष’ नव्हे

आखाजीच्या सुमारास आमच्या खान्देशातल्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत होता: ‘कंपवाताच्या गोळ्यांची सवय लागते. सगळ्या बंद करा, कुहिलीच्या बियांची पूड घ्या. ताप-घाम आला तर समजा विष बाहेर पडतंय. मान वाकडी झाली तर ती बाहेरची बाधा.’ आप्पांनी तो वाचून गोळ्या सोडल्या. निरोप अजून फिरतोच आहे, म्हणून हे लिहितेय.

सवय? पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूत डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन) कमी पडतं आणि गोळ्यांतलं लेव्होडोपा ती उणीव भरून काढतं. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचं अंग आपोआप वळवळतं, हे खरं. पण त्यासाठी डॉक्टर मात्रा बदलतात, औषध एकदम तोडत नाहीत.

आता ‘विष’. मी माहेरी पोचले तो गोळ्या सोडल्याचा तिसरा दिवस. बाहेर वैशाखाचं ऊन, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आप्पांना ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळून झाला होता, पन्हं पाजायची तयारी चालली होती. पण अंग लाकडासारखं ताठ, अंथरूण घामानं ओलं, आणि ते मला ओळखेनात. लेव्होडोपा अचानक थांबलं की काही तासांत किंवा आठवडाभरात असं होऊ शकतं: जोराचा ताप, ताठरपणा, भ्रम. आखडलेले स्नायू झिजतात, त्यांतून रक्तात उतरलेल्या द्रव्यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस दगावूही शकतो. कडक उन्हानं आणि पाणी कमी पडल्यानं, गोळ्या चालू असतानाही हे ओढवू शकतं. हे आहे की उष्माघात, याचा घरी काथ्याकूट नको. दोन्हींत १०८ ला फोन करायचा. तोवर ओलं फडकं आणि पंखा. शुद्ध नीट नसेल तर पन्हंसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं.

दवाखान्यात पहिल्याच वाक्यात ‘पार्किन्सन आहे, शेवटची गोळी अमुक दिवशी घेतली’ असं सांगा आणि स्ट्रिप दाखवा. बडबडणाऱ्या रुग्णाला शांत करायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाईड, दोन्ही डोपामिनलाच अडवतात. आप्पांना सलाईन लावलं आणि नाकातल्या नळीतून तीच सोडलेली गोळी पुन्हा सुरू केली. ते वाचले.

कुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं! म्हणजे गोळीतलं ‘विष’ सोडून तेच बियांतून घ्यायचं, तेही मात्रा न कळता, आणि ते मेंदूपर्यंत शाबूत पोचवणाऱ्या कार्बिडोपाशिवाय.

राहिली वाकडी मान. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाईडसारखं औषध घेतल्यावर काहींची, विशेषतः तरुण मुलामुलींत, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत मान पिरगळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. शुद्ध मात्र असते. ‘बाहेरनं लागी गयं’ म्हणत भगताकडे नेऊ नका. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं की बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो. कोणतं औषध दिलं होतं त्याची चिठ्ठी सोबत न्या. आणि घसा आवळून श्वास घरघरू लागला, तर चिठ्ठी शोधतही बसू नका, तडक निघा.