यंत्राला राग येत नाही, म्हणून युद्ध होणार नाही?

गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, एक लांबलचक संदेश टाकला. अर्थशास्त्र, अभियांत्रिकी आणि आंतरराष्ट्रीय संबंध या तिन्ही क्षेत्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेने माणसाला मागे टाकले असून या विषयांच्या पदव्यांना आता रद्दीचा भावही येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. एरवी असे संदेश मी न वाचताच सोडून देतो. या वेळी मात्र त्याखाली भाऊजींनी माझ्या भाचीला उद्देशून ‘हे वाच आणि मग ठरव’ असे लिहिले होते. नुकतीच बारावी झालेल्या त्या मुलीला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकायचा आहे, तिचा अर्ज भरून तयार आहे, आणि संदेश वाचल्यापासून ती कोणाशी धड बोललेली नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा असा, की यंत्र हवामानाचा अंदाज उत्तम सांगू लागले आहे, तेव्हा बाजारभाव आणि मंदी यांचा अंदाजही ते तितकाच अचूक सांगते. यातील हवामानाचा भाग बराचसा खरा आहे. मध्यम पल्ल्याचे अंदाज देणाऱ्या युरोपीय हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले प्रारूप आपल्या रोजच्या कामात घेतले आहे. पण पावसाचा अंदाज ऐकून ढग आपला बेत बदलत नाहीत, भावाचा अंदाज ऐकून शेतकरी आणि व्यापारी दोघेही बदलतात. कांदा चढणार हे सर्वांना एकदम कळले तर चाळीतला कांदा बाजारात येणार नाही, आणि ज्या परिस्थितीवर अंदाज बेतला होता ती परिस्थितीच उरणार नाही. धोरण बदलले की लोकांचे वागणे बदलते आणि जुन्या आकडेवारीतून काढलेली सूत्रे कोलमडतात, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ल्यूकस यांनी १९७६ मध्येच मांडले होते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावच्या कैक वर्षांच्या भावांवर पोसलेल्या यंत्राला ती अधिसूचना कोणत्या आकड्यात दिसली असती, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

दुसऱ्या दाव्यात अभियांत्रिकी निकालात काढली आहे, आणि पुरावा म्हणून ‘एमआयटीचे संशोधन’ पुढे केले आहे: एका मोठ्या अमेरिकी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांच्या हाती कृत्रिम बुद्धिमत्ता दिल्यावर नव्या पदार्थांचे शोध ४४ टक्क्यांनी वाढले. (ही मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी, आपल्या कोथरूडची नव्हे.) हा निबंध खरोखरच नोव्हेंबर २०२४ मध्ये आला होता आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी त्याची वाखाणणीही केली होती. पुढे मे २०२५ मध्ये खुद्द एमआयटीने जाहीर केले, की या निबंधातील माहिती कोठून आली, ती विश्वासार्ह आहे का आणि ग्राह्य आहे का, यांपैकी कशाचीच खात्री संस्थेला उरलेली नाही. दाव्याचा एकमेव आधार संस्थेनेच झटकून टाकल्यावर त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. ‘आफ्रिकेतील एका देशात यंत्राने गरीब शोधून त्यांच्या मोबाइलवर पैसे पाठवले’, असे त्यात म्हटले आहे. तो देश म्हणजे टोगो. करोनाच्या साथीत तेथील ‘नोविसी’ योजनेत उपग्रहांची छायाचित्रे आणि मोबाइल वापराच्या नोंदी यांवरून गरजूंची निवड झाली होती. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार, सरकारपुढे असलेल्या केवळ भौगोलिक निवडीच्या, म्हणजे गरीब भाग निवडून तेथील लोकांना मदत देण्याच्या, पर्यायांपेक्षा या पद्धतीत गरजू असूनही वगळले जाण्याच्या चुका ४ ते २१ टक्क्यांनी कमी होत्या. संदेश येथेच थांबतो. अभ्यास थांबत नाही. घरोघरची परिपूर्ण सामाजिक नोंदवही हाताशी असती, तर तिच्या तुलनेत याच पद्धतीच्या चुका ९ ते ३५ टक्क्यांनी अधिक ठरल्या असत्या, हेही त्याच अभ्यासात लिहिले आहे. अडीनडीला उपयोगी पडलेले हे साधन होते, आणि ते उभे करणारे आणि सर्वेक्षणाशी ताडून पाहणारे लोक प्रामुख्याने अर्थशास्त्रज्ञच होते.

आता चौथा दावा, ज्याच्यासाठी मी खरोखर लेखणी उचलली. तो असा: ‘यंत्राला राग, अहंकार, निवडणूक यांपैकी काही नसते. देशांनी वाटाघाटींची सूत्रे त्याच्या हाती दिली तर युद्धे कायमची थांबतील.’ भाचीचे मन नेमके याच वाक्याने खचले.

हे कोणी करून पाहिले नाही, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. स्टॅनफर्ड, जॉर्जिया टेक आदी संस्थांतील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आठ काल्पनिक राष्ट्रे तयार करून त्यांचा कारभार भाषिक प्रारूपांकडे, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या यंत्रणांकडे, सोपवला. तीन कंपन्यांची पाच प्रारूपे आळीपाळीने तपासली. प्रत्येक फेरीत काय करायचे ते यंत्रानेच निवडायचे होते, आणि पर्याय स्वस्थ बसण्यापासून व्यापार करारापर्यंत आणि आक्रमणापासून पूर्ण अण्वस्त्र हल्ल्यापर्यंत सगळे होते. पाचही प्रारूपांत तणाव वाढवण्याची प्रवृत्ती दिसली, तीही केव्हा उसळेल हे आधी सांगता येणार नाही अशा रीतीने. प्रारंभी कोणताही संघर्ष नसलेल्या फेऱ्यांतसुद्धा शस्त्रस्पर्धा सुरू झाली. अण्वस्त्रे क्वचितच वापरली गेली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, तसेच सर्वांत बेफाम वागणारे प्रारूप हे जीपीटी-४ चे संस्कार न केलेले, म्हणजे सुरक्षित वागण्याचे वळण न लावलेले, मूळ रूप होते, हेही. पण त्या प्रारूपाने दिलेले कारण वाचण्याजोगे आहे: अनेक देशांकडे अण्वस्त्रे आहेत, कोणी ती नष्ट करा म्हणतो, कोणी नुसता रुबाब दाखवतो, आपल्याकडे ती आहेत, तर वापरूया!

राग नाही, अहंकार नाही, आणि तरीही हे उत्तर. याचे कारण गूढ नाही. ही प्रारूपे माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर घडतात, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांवरील लेखनात तणाव कसा वाढतो याचीच चर्चा अधिक असल्याने यंत्र तिकडे झुकत असावे, अशी शक्यता संशोधकांनीच मांडली आहे. आपलाच अहंकार शाईतून तिथे पोहोचला आहे. नवी प्रारूपे याहून शहाणी असतीलही, परंतु ‘कायमची थांबतील’ म्हणणाऱ्याने निदान एक तरी अशी चाचणी दाखवायला हवी होती.

यंत्राचा शांतपणा म्हणजे शहाणपण नव्हे, याचे उदाहरण तर माझ्या पिढीच्या आयुष्यातले आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. पहाऱ्यावरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, की खरा हल्ला करणारा देश केवळ पाच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, आणि जमिनीवरील रडारवरही काही दिसत नव्हते. त्यांनी इशारा खोटा ठरवला. पुढे निष्पन्न झाले, की यंत्रणेने ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला क्षेपणास्त्रे मानले होते. ‘समोरचा असे का करील’ हा पेत्रोव यांचा प्रश्न म्हणजेच भाचीला शिकायचा असलेला विषय आहे.

पाचवा दावा, २०३० पर्यंत या विषयाचे अभ्यासक्रम बंद होतील, हा निव्वळ हवेतला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा येथे बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहील, असे मान्य केले. त्या एका वाक्यापर्यंत पोहोचायलाही दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसावे लागले.

भाचीच्या अर्जाची मुदत शनिवारी संपते. हा मजकूर मी आजच भाऊजींना पाठवतो आहे. त्यांनी तो पुढे कोणालाही पाठवू नये, आधी शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.