खिशातल्या कांद्याविषयी खुलासा
‘खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही’ हा नागपुरात फिरणारा संदेश खरा नाही. घाम वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतो म्हणून शरीर थंड राहते. खिशातल्या कांद्याचा त्याच्याशी संबंध नाही. भर दुपारी सीताबर्डीत हातगाडी ओढणाऱ्याला खरा आधार असतो तो डोक्याला गुंडाळलेल्या ओल्या दुपट्ट्याचा, पाण्याचा आणि सावलीत घटकाभर टेकण्याचा. जेवणात कांदा अवश्य खावा. मात्र अंग तापून माणूस बरळू लागला, तर तळव्यांना कांदा चोळण्यात वेळ घालवू नये, ही कळकळीची विनंती: लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा, त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मानेला व काखेत बर्फ लावावा; शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी मुळीच घालू नये.