पर्सनल मोबाईल तपासायचा हक्क? असं काही नाहीये

"२०२३ च्या डेटा कायद्यानं कंपनीला स्टाफचा पर्सनल मोबाईल तपासायचा हक्क दिलाय" हा मेसेज बडोद्यात दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तो चुकीचा आहे. त्या कायद्याच्या (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी किंवा कंपनीचं नुकसान टाळायला, म्हणजे गुपितं फुटू नयेत वगैरे, कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायची सूट आहे, त्यात फोन हातातून काढून घेऊन गॅलरी चाळणं कुठून आलं? हां, कंपनीच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवलंत आणि आत स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असेल तर घरच्यांशी केलेलं चॅटही त्यात जातं, तेव्हा तिथे उघडूच नका. आणि मालकांनो, गेटवर, गोडाऊनमध्ये कॅमेरे खुशाल लावा पण आधी सांगून लावा, माणसांवर चोरून नजर ठेवणं हा सरळसरळ अन्याय आहे.