कोष्टक चुकलं की भरलंच अर्धं? – चोपड्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि राग रास्त आहे. तुमचं म्हणणं असं: आईचं वय ७२, शुगर आहे, प्लास्टीच्या (हृदयाची तुंबलेली नस उघडण्याच्या) आधी क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळू लागली की तो वाढतो) १.१. प्लास्टीत नसा दिसाव्यात म्हणून जो डाय टोचतात, त्याने किडनीला इजा व्हायचा धोका गुणांत मोजणारं मेहरान कोष्टक मी लेखात दिलं होतं, त्यात तुम्ही स्वतः गुण मांडले, ५ आले, म्हणजे 'धोका कमी'. आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.४. 'अमेरिकेतलं कोष्टक खान्देशात कशाला खपवता?' असं तुम्ही विचारलंत.

आधी ते ५ गुण बघू. शुगरचे ३ आणि २०० मिली डायचे २, इतकेच तुम्ही धरलेत. पण डिस्चार्ज कार्डावरचे आकडे तुम्हीच लिहिलेत, त्यात हिमोग्लोबिन ९.४ आहे. रक्त कमी असल्याचे कोष्टकात ३ गुण असतात. दुसरं, क्रिएटिनिन १.१ बघून आपण निर्धास्त होतो, पण ७२ वर्षांच्या बाईत तेवढ्या क्रिएटिनिनला किडनीची गाळणक्षमता मिनिटाला ५२ मिलीच्या आसपासच निघते. ६० च्या खाली गेलं की आणखी २. झाले १०. म्हणजे खालच्या गटातून थेट पुढच्या गटात. २००४ च्या मूळ अभ्यासात पहिल्या गटात १०० पैकी साधारण ७-८ जणांच्या किडनीला इजा झाली होती, दुसऱ्यात १४ जणांच्या.

आणि आईंचं वजन ४२ किलो. वजन धरून करायच्या जुन्या सूत्राने हिशोब केला तर गाळणक्षमता ३१ वर येते. आपल्याकडच्या वाळलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगात स्नायूच कमी. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूतून, म्हणून रिपोर्ट गोड दिसतो. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं असतं, तिथंच फसगत होते. डाय किती वापरायचा, एकाच वेळी सगळ्या नसा उघडायच्या की दोन टप्प्यांत, हे ठरवताना हा ३१ चा आकडा समोर असायला हवा. डायचे मिली गाळणक्षमतेच्या तिपटीच्या आत ठेवावेत असा एक ढोबळ हिशोब डॉक्टर करतात. इथं ते ९० च्या आसपास येतं.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग. कोष्टक बिनचूक नाही, हे मान्यच. एक इजा झालेला आणि एक न झालेला असे दोन रुग्ण घेतले, तर पहिल्याला जास्त गुण देण्यात ते १०० पैकी ६७ वेळा बरोबर ठरलं. छापा-काट्यापेक्षा बरं, एवढंच. शिवाय ते विचारत नाही की मे महिन्यात ४४ अंशांत चोपड्याहून पेशंट कसा आला, रात्रीपासून पाण्याचा घोट नाही आणि नंबर लागला दुपारी दोनला, गुडघेदुखीची गोळी रोज चालू होती का. पाण्यावाचून सुकलेल्या अंगात तोच डाय जास्त त्रास देतो. हे प्रश्न न्यूयॉर्कच्या कागदात नाहीत, ते आपणच विचारायचे.

सगळा दोष डायचा धरू नका, हेही सांगते. अटॅकमध्ये हृदयाचा पंप कमजोर पडला, बीपी खाली गेलं, तर किडनी डायशिवायही बसते. अटॅक चालू असताना गुण मोजत बसायला वेळही नसतो. नस उघडणं पहिलं.

'किडनी वाचवायच्या गोळ्या दिल्या नाहीत' ही तक्रार मात्र मला पटत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५,००० रुग्णांवरच्या चाचणीत अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या आणि बायकार्बोनेट, दोन्हींचा फायदा दिसला नाही. हाताशी आहे ते साधं सलाईन, तेही हृदय सोसेल तेवढंच, आणि कमी डाय.

क्रिएटिनिन साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर जातं आणि बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत खाली येतं. म्हणून आईंची तपासणी या आठवड्यात पुन्हा करा. शुगरची मेटफॉर्मिन रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगेपर्यंत सुरू करू नका. दुखण्याची गोळी पूर्ण बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका, स्टेंट नवा आहे. लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा धाप लागली तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.