एअरबॅग किती ते झालं, पण चालू आहेत का?

सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला आणि मागच्या सीटवरचा बेल्ट, सहा एअरबॅग हे विषय महाराष्ट्रात घरोघरी निघाले. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्राने त्याच वर्षी जानेवारीत आणला होता. पुढे मुदत ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सक्ती करणार नसल्याचं सांगून टाकलं. वाद मात्र संपला नाही. दोन पुरेत की सहा हव्यात, गाडी किती महाग होईल, यावर अजून हिरिरीने बोललं जातं. जर्मनीतून हे ऐकताना एक प्रश्न सतत निसटलेला जाणवतो. आठ वर्षं वापरलेल्या, मधे एकदा ठोकलेल्या, दोनदा हात बदललेल्या गाडीतल्या एअरबॅग आज काम करतात का, हे तपासतं कोण?

इथे नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिली आणि नंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. लोक तिला सरसकट ‘ट्यूफ’ म्हणतात. तपासनीस डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडतो. गाडी कारखान्यातून कोणत्या सुरक्षा यंत्रणा घेऊन निघाली याची माहिती त्याच्याकडे असते, ती समोरच्या गाडीशी ताडून बघतो. एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर तो गंभीर दोष धरला जातो. मग नंबर प्लेटवरचं स्टिकर मिळत नाही, एका महिन्यात दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवावी लागते. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं अशी तपासणीच नाही. पीयूसी होते, पण ती धुराची.

म्हणून निदान गाडीच्या मालकाने काय बघायचं ते नीट सांगतो. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, मीटरवर नजर ठेवा. बसलेल्या माणसासमोर गोल फुगा, असं चित्र असलेला दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला किंवा लुकलुकत राहिला तर बिघाड आहे, आणि बहुतेक गाड्यांत अशा वेळी एक-दोन एअरबॅग नव्हे, सगळी यंत्रणाच भरवशाची राहत नाही. दिवा मुळी लागलाच नाही तर ते जास्त वाईट. कोणीतरी बल्ब काढलेला असतो, मागून टेप लावलेली असते, नाहीतर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असते. ती जोडणी ओळखायची सोपी खूण म्हणजे एअरबॅगचा दिवा ऑइलच्या (तो इंजिन सुरू केल्यावरच विझतो) किंवा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझतो.

पण दिवा नीट लागून नीट विझला, म्हणजे एअरबॅग आहेच असं नाही. सेकंड हँड बाजारातली खरी फसवणूक इथे आहे. यंत्रणेचा कंट्रोलर प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटचा रोध मोजत असतो, तो साधारण दोन ओहमच्या आसपास येतो. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलायचा खर्च मोठा. त्याऐवजी वायर जोडायच्या कपलरमध्ये तेवढ्याच ओहमचा, काही रुपयांचा रेझिस्टर बसवला की कंट्रोलरला सगळं ठीक दिसतं आणि दिवा गुमान विझतो. स्टिअरिंगवर नवं कव्हर चढवतात, आत काहीच नसतं. टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विम्यात निकाली निघालेल्या गाड्या स्वस्तात उभ्या करून विकतात, तिथे हे हमखास शोधावं. स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरचा रंग आणि पोत बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का? कडेची फट सगळीकडे सारखी आहे का? डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर भरलेली, रंगवलेली जागा दिसते का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. अडकत असेल किंवा परत गुंडाळत नसेल, तर धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणारा प्रिटेन्शनर अपघातात उडालेला असू शकतो. मग स्कॅनर लावा, पण एअरबॅगचं मॉड्यूल वाचणारा. मोबाइलला जोडायचे स्वस्त रीडर बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतात. कंट्रोलरमध्ये जुन्या अपघाताची नोंद राहिलेली असेल तर ती इथे सापडते.

नेहमीचे बिघाड दोन. सीटखालचे पिवळे कपलर सीट पुढेमागे करताना, व्हॅक्यूम मारताना किंवा खाली कोंबलेल्या सामानाने ढिले होतात. आणि स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चाक फिरतानाही वायरची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटते. तेव्हा दिव्यासोबत बहुधा हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडतात. दोन्ही कामं सोपी वाटतात, तरी गॅरेजात एक गोष्ट हात जोडून सांगावी: एअरबॅगच्या वायरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. त्या बारीक करंटनेही एअरबॅग उडू शकते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबायचं, कारण कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

पालघरपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी. कंट्रोलर बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, फरशीलगत असतो. गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं असेल तर दिवा विझला तरी कंट्रोलर तपासून घ्यावा. दुसरी गोष्ट टकाटाची. या जपानी कंपनीच्या, एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. हा दोष दिव्यावर दिसत नाही, स्कॅनरवरही नाही. होंडासह काही कंपन्यांनी भारतातही त्यासाठी गाड्या परत बोलावल्या (रिकॉल केल्या) आहेत. गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की आपली गाडी त्यात आहे का कळतं, बदलही फुकट होतो.

आणि चालू एअरबॅग लहान मुलांसाठी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवरचं सहा वर्षांचं मूल तिच्या धक्क्याने गेलं. पाठमोरी चाइल्ड सीट पुढे लावायची तर ती एअरबॅग बंद करणं जर्मनीत कायद्याने सक्तीचं आहे. बंद केल्यावर ‘ऑफ’चा दिवा लागतो की नाही, हेही बघायला हवं.

जर्मनीची अख्खी व्यवस्था उचलून आणा असं माझं म्हणणं नाही. दोन वर्षांनी प्रत्येक गाडी तपासायची तेवढी केंद्रं आज आपल्याकडे नाहीत. पण गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरावेच लागतात. त्यांच्यासोबत एक पानी अहवाल सक्तीचा करता येईल: एअरबॅग मॉड्यूलचा स्कॅन, अपघाताची नोंद आहे की नाही, बसवलेल्या एअरबॅगची संख्या मूळ मॉडेलशी जुळते का, रिकॉल बाकी आहे का. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हा स्कॅन आजही होतो, नवं काही उभारावं लागत नाही. नियम येईपर्यंत घेणाऱ्यानेच टोकन देण्याआधी तो मागावा, आणि विकणारा टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघावी.