क्लॅरिनेट उन्हात वाळवण्याचा सल्ला पाळू नका

पावसाळा लागला की नाशिकच्या वादकांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. क्लॅरिनेट-बासरीत साचते ती थुंकी असते, वादनानंतर वाद्य अर्धा तास उन्हात ठेवावे, पुसायचे कापड नळीतच ठेवून पेटी बंद करावी आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कायम असू द्याव्यात, असे त्यात सांगितलेले असते. हेतू चांगला असला तरी यातला उन्हाचा सल्ला वाद्याच्या जिवावर उठणारा आहे.

थोडी लाळ नळीत जाते हे खरे. पण बहुतांश पाणी श्वासातल्या बाष्पाचे असते. ही ऊबदार, दमट हवा गार नळीला लागली की बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून धरतात तसे थेंब आत धरतात. म्हणूनच डिसेंबरातल्या पहाटे गोदाघाटावर वाजवताना भर पावसाळ्यापेक्षा जास्त पाणी गळते, आणि वाद्य आधी काही मिनिटे हातांत धरून कोमट केले तर ते बरेच कमी होते.

आता उन्हाबद्दल. चांगली क्लॅरिनेट ज्या आफ्रिकन ब्लॅकवुडची असते, ते लाकूड कितीही घट्ट असले तरी ओल शोषतेच. वाजवताना नळीची आतली बाजू फुगते, बाहेरची मात्र कोरडीच राहते. त्या ताणात वाद्य उन्हात ठेवले की बाहेरचा थर आणखी आकसतो आणि वरच्या भागात, बहुधा एखाद्या छिद्रापासून, केसासारखी चीर निघते. बासरीचा बांबूही असाच उभा तडकतो. लाकूड सावकाश आणि सगळीकडून सारखे वाळले पाहिजे. वादन थांबताच नळीतून सुती कापड दोन-तीनदा ओढून घ्यावे, सांधे वेगळे करून त्यांच्या खाचाही टिपाव्यात आणि नवे वाद्य पहिले काही आठवडे रोज १५-२० मिनिटांच्या वर वाजवू नये.

ओले कापड आत ठेवणे म्हणजे टिपलेली ओल रात्रभर लाकडाला परत देणे होय. त्याने चाव्यांखालचे, छिद्रे बंद करणारे मऊ पॅड फुगतात आणि स्प्रिंगा गंजतात.

सिलिका जेल जुलैत चालेल, पण नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये ते लाकडातली आवश्यक ओलही ओढून घेते, तेव्हा पुड्या काढूनच ठेवाव्यात.

वाजवताना एखादा स्वर गुळगुळ करू लागला, तर त्या छिद्रात थेंब अडकला आहे असे समजावे. पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून चावी हलकेच दाबावी, कागद ओला झाला की काढावा आणि कोरडा निघेपर्यंत पुन्हा लावावा.